परस्परावलंबनाचा नकाशा आणि कामगाराची स्मृती

१ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कचा शेअरबाजार उघडला आणि नाइट कॅपिटल या दलाली पेढीच्या संगणकांनी खरेदी-विक्रीचा बेफाम सपाटा लावला. पाऊण तासात चाळीस लाखांवर व्यवहार झाले आणि पेढीला ४४ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने २०१३ साली चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला, त्यातून कारण उघड झाले. पेढीच्या आज्ञावलीत ‘पॉवर पेग’ नावाची एक जुनी सोय होती. तिचा वापर २००३ साली थांबला, परंतु ती काढून टाकली गेली नाही. पुढे नवी सोय बसविताना, जुनीला जागे करणारी खूणच नवीसाठी वापरण्यात आली. आठांपैकी एका संगणकावर नवी आज्ञावली चढवायची राहिली. तेथे त्या खुणेने जुन्या सोयीलाच जागे केले.

असे अदृश्य धागे आज प्रत्येक मोठ्या आज्ञावलीत आहेत. बँकेच्या ग्राहकाचा पत्ता बदलण्याची सोय वरवर साधी दिसते. परंतु चेकबुक पाठविणे, कर्जाची छाननी, कराची विवरणे ही सारी कामे तिच्याशी जोडलेली असू शकतात. एक हलविली तर दुसरी कोठे ढासळेल, हे सांगणारा नकाशा तयार करण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपविले जात आहे. आज्ञावलीच्या लक्षावधी ओळी, जुनी टिपणे आणि तक्रारींच्या नोंदी वाचून ती कोणती सोय कोणावर विसंबून आहे याचे जाळे मांडते. माणसाला जे करण्यास महिने लागावेत ते अल्पावधीत होते. या साधनाला विरोध करण्याचे काहीच कारण नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे वासिली लिओन्टिएफ यांच्या आदान-प्रदान कोष्टकांची आठवण होईल. पोलादाला कोळसा लागतो आणि कोळशाच्या खाणीला पोलाद, हे परस्परावलंबन त्यांनी १९३६ साली आकड्यांत मांडले. १९७३ साली त्याच कार्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. कोष्टकातील आकड्यामागे प्रत्यक्ष उलाढालीची नोंद असते. यंत्रबुद्धीच्या नकाशातील रेघ पुष्कळदा अदमासाने ओढलेली असते. नसलेला धागा ती ठामपणे दाखविते आणि असलेला वगळते. वर्षाअखेरीस एकदाच चालणारे काम किंवा दोन विभागांनी तोंडी ठरविलेला संकेत कोणत्याच कागदावर नसतो. तो असतो पंधरा-वीस वर्षे ती आज्ञावली सांभाळलेल्या कामगाराच्या स्मृतीत. म्हणजे नकाशा तपासावयाचा तर तोच माणूस हवा.

आणि नेमका तोच आज अनावश्यक ठरविला जात आहे. कामगारांजवळील परंपरागत ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करून त्याचे नियम बनवावेत, हे सूत्र फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली सांगितले. नव्या नकाशाने त्या सूत्राला अभूतपूर्व वेग दिला आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. हे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नव्हे, असा कंपनीचा खुलासा होता. तो मान्य केला तरी कपात मुख्यत्वे मधल्या व वरच्या श्रेणींतील होती, हे विसरता येत नाही. हिंजवडीतील अभियंत्याला पगार मोठा असेल. पण त्याचे ज्ञान नोंदवून घेतल्यावर त्याला निरोप देता येतो, या बाबतीत तो गिरणी कामगाराहून वेगळा नाही.

नाइट कॅपिटलचा दुसरा धडा येथेच आहे. त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वी पेढीच्याच यंत्रणेने ‘पॉवर पेग’चा उल्लेख असलेल्या ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना पाठविल्या होत्या. मात्र त्या इशारा म्हणून वाचाव्यात अशी व्यवस्थाच नव्हती. माहिती होती; उत्तरदायी माणूस नव्हता. नकाशा कितीही बिनचूक असला तरी ही उणीव तो भरून काढू शकत नाही.

पेढी बुडाली तर भागधारक सोसतात. सार्वजनिक यंत्रणेतील धागा तुटला तर गरीब सोसतो. आधार-जोडणी नाही म्हणून शिधापत्रिका रद्द झाल्याची झारखंडमधील प्रकरणे २०१७ साली गाजली. धान्याचा हक्क एका क्रमांकावर विसंबून ठेवला गेला आहे, याची त्या कुटुंबांना कल्पनाही नव्हती.

म्हणून कामगार संघटनांनी तीन मागण्या आग्रहाने मांडल्या पाहिजेत. असा नकाशा ज्यांच्या श्रमातून व स्मृतीतून तयार होतो, त्यांना तो पाहण्याचा व दुरुस्त करण्याचा अधिकार असावा, आणि त्याच्या आधारे त्यांच्याशी वाटाघाटी केल्याखेरीज कपात होऊ नये. त्यावरून केलेल्या प्रत्येक बदलाखाली जबाबदार व्यक्तीची सही असावी. शिधावाटप, निवृत्तिवेतन, रोजगार हमी यांच्या आज्ञावलींचा नकाशा जनतेसाठी सोप्या मराठीत खुला असावा. कोणाचे जेवण कोणत्या धाग्यावर लटकले आहे, हे जाणण्याचा पहिला हक्क जेवणाऱ्याचा आहे.