उडत्या सरड्यांना उडवावे कसे?

घारीचे उडणे पडद्यावर चुकीचे दाखवले, तर कोकणातले पाच-सहा वर्षांचे पोरही खुदकन हसेल. ती पंख कधी मारते, कधी नुसते पसरून तरंगते, हे त्याने रोज पाहिलेले असते. पण जो प्राणी माणूस जन्माला येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीच नाहीसा झाला, त्याचे उडणे चुकले तर हसणार कोण? कोणीच नाही. उलट ते चुकीचे चित्र मनात असे घर करते की, पुढे दहा पुस्तकांनी समजावले तरी हलत नाही. म्हणून आजचा आमचा विषय वरवर पोरखेळ वाटला तरी तसा नाही. टेरोसॉर नावाच्या प्राचीन उडत्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर खराखुरा वाटेल असा छोटासा सचेतपट, म्हणजे चित्रे हालती करून बनवलेला चित्रपट, कसा करावा, हा तो विषय.

समजा, रोह्याला लागूनच असलेल्या वरसे गावातल्या एका घरात बहीणभावंडांनी दिवाळीच्या सुटीत हा घाट घातला. घरात संगणक आहे, आणि ब्लेंडरसारखी प्रणाली फुकट मिळते. वडील धाटावच्या कारखान्यातून दमून आले आहेत.

"किती मिनिटांचा करणार?" ते विचारतात.

"तीनच मिनिटांचा, बाबा."

तीनच! पण हिशेब करून पाहा. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. तीन मिनिटांचे झाले १८० सेकंद, म्हणजे ४,३२० चित्रे. संगणक मधली चित्रे भरून देतो खरा. पण प्राणी कसा हलावा हे त्याला सांगावे लागते, आणि ते सांगणाऱ्याला आधी कळावे लागते. बाबांनी कपाळाला हात लावला तर नवल नाही. "या वेळात गणिताची दोन पुस्तके झाली असती," असेही ते म्हणतील.

अशा वडिलांना आमची एक विनंती आहे. त्यांनी त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांची आठवण करावी. १९१२ साली फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडीथोडी टिपली. महिनाभर जे घडले ते पडद्यावर मिनिटभरात दिसले. ही 'अंकुराची वाढ' पाहून पैसेवाल्यांचा विश्वास बसला. घरून सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. तीत निर्जीव काड्या जराजरा सरकवून नाचवल्या होत्या. आपल्याकडच्या सचेतपटाचा आरंभ असा एका कुंडीपासून आणि काड्यापेटीपासून झाला. भांडवल होते ते चिकाटीचे आणि बारीक नजरेचे.

आता आपल्या उडत्या सरड्यांकडे वळू. त्यांना सरडे म्हणायचे ते केवळ लाडाने. ते सरडे नव्हेत, पक्षी नव्हेत आणि डायनोसॉरही नव्हेत. डायनोसॉरांचे फार तर चुलत भाऊ. जर्मनीत सापडलेल्या अशा एका सांगाड्याचे वर्णन १७८४ मध्ये कोलिनी याने केले, पण हा कोणता जीव, हे कोडे त्याला उलगडले नाही. हा उडणारा सरपटणारा प्राणी आहे, हे १८०१ मध्ये फ्रान्सच्या क्यूविए याने ओळखले. कशावरून? बोटावरून!

हे बोट समजून घेण्यासाठी कुठल्या संग्रहालयात जायला नको. संध्याकाळी वडापिंपळावरून निघणारी वाघळे पाहावीत. वाघळाचा अंगठा मोकळा असतो आणि बाकीची चार बोटे छत्रीच्या काड्यांसारखी पंखाचे कातडे ताणून धरतात. पक्ष्याला पिसे असतात, त्यामुळे त्याच्या बोटांवर तो भार नाही. टेरोसॉराची तऱ्हा तिसरीच. त्याची तीन बोटे मोकळी, आणि चौथे एकटेच इतके लांबलेले की सारा पंख त्याच्यावर तोललेला. चित्रात हे एक बोट चुकले की टेरोसॉर गेला आणि वाघूळ उरले.

दुसरी परीक्षा वजनाची. चिमणी फडफडते आणि गिधाड संथ लयीत पंख मारते, ते उगीच नव्हे. टेक्सासमध्ये १९७१ साली एका विद्यार्थ्याला ज्याची हाडे सापडली, त्या केत्झालकोअॅटलसच्या पंखांचा पसारा दहा मीटरांच्या घरात जातो. तो चिमणीसारखा फडफडला, तर कागदी पतंग वाटेल. मग एवढे धूड जमिनीवरून उठत कसे असेल? पूर्वी चित्रकार त्याला कड्यावरून उडी मारायला लावीत. २००८ मध्ये मायकेल हबीब या संशोधकाने दाखवून दिले की, हे प्राणी पंख दुमडून चारही पायांवर उभे राहत आणि पुढच्या बळकट हातांच्या रेट्याने हवेत झेप घेत. ते चौपायी चालत, हे तर दगडात उमटलेल्या त्यांच्या पावलांवरूनच कळते.

मोठमोठे लोकही येथे चुकले आहेत. १९३३ च्या 'किंग काँग' चित्रपटात टेरानोडॉन नायिकेला पायात पकडून न्यायला निघतो. पण टेरानोडॉनचे पाय गरुडासारखे पकड घेणारे नव्हतेच, आणि बहुतेक अंदाजांप्रमाणे त्याचे स्वतःचे वजनच नायिकेपेक्षा कमी भरेल. तरीही गेली नव्वद वर्षे जगभरची मुले तेच चित्र काढीत आहेत. १९९९ मध्ये बीबीसीने शास्त्रज्ञांच्या मदतीने केलेल्या मालिकेत एका टेरोसॉराला बारा मीटरांचा पसारा दिला. पुढच्या मोजमापात तो आठ-साडेआठवर आला. तेव्हा चूक होऊ नये हे खरे, पण पुढे कोणी दुरुस्ती केली तर ती मानायची तयारी हवी.

आता प्रश्न येतो देखाव्याचा. वरशाच्या मुलांना साहजिकच वाटेल की, आपला टेरोसॉर कुंडलिकेवरून आणि रोह्याच्या डोंगरांवरून उडवावा. येथे मात्र त्यांना थोडे थांबावे लागेल. हे डोंगर काळ्या कातळाचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाच्या थरांतून ते घडले, आणि जवळपास त्याच सुमारास जगातले शेवटचे टेरोसॉर संपले. तेव्हा आजची कुंडलिका नव्हती, आंबे-नारळांच्या बागा नव्हत्या. भारत हे विषुववृत्ताच्या दक्षिणेला समुद्रात वाहत चाललेले एक वेगळे भूखंड होते. लाव्हाच्या कातळात हाडे शोधण्यात अर्थ नाही. त्यासाठी विदर्भाच्या टोकाला जावे लागते. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातले वडधम जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहे. प्राणहितेच्या खोऱ्यात कोटा गावाच्या नावाने ओळखले जाणारे ज्युरासिक काळाचे खडक आहेत. त्यांतल्या जबड्याच्या एका तुकड्यावरून एस. एल. जैन यांनी १९७४ मध्ये भारतातल्या टेरोसॉराची नोंद केली. पुढच्या अभ्यासकांनी मात्र, हा तुकडा खरोखर टेरोसॉराचाच का, अशी शंका घेतली आहे.

मग जमिनीवर काय रंगवावे? गवत चालेल का? पूर्वी जाणकार 'नाही' म्हणत. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा येथे डायनोसॉरांच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ मध्ये ते जगासमोर आले. तेव्हा शेवटच्या काळातला देखावा असेल, तर मुलांनी इथेतिथे गवत खुशाल रंगवावे. त्यांना परवानगी दिली आहे ती आपल्या विदर्भातल्या शेणाने!

रंग आणि आवाज यांचे काय? टेरोसॉरांच्या अंगावर बारीक लव होती, हे दगडांतून दिसले आहे. २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या एका तुऱ्याच्या टेरोसॉराच्या अवशेषांत रंगद्रव्याच्या कणांचे निरनिराळे आकारही आढळले. म्हणजे तो एकरंगी नसावा. आवाज मात्र दगडात उरत नाही. तो कल्पनेनेच द्यावा लागेल.

येथेच खऱ्या चित्रपटाची कसोटी आहे. कल्पना करू नये असे कोणी म्हणत नाही. कल्पनेला पुरावा म्हणून खपवू नये, एवढेच म्हणणे. आमची त्या भावंडांना सूचना आहे की, चित्रपट संपल्यावर पडद्यावर दोन याद्या द्याव्यात: 'हाडांवरून कळलेले' आणि 'आमचा अंदाज'. पाहणाऱ्या लहान मुलाला एवढे जरी कळले की मोठी माणसे काही गोष्टी जाणतात आणि काही ताडतात, तरी ४,३२० चित्रांचे चीज झाले.

आणि एकदम टेरोसॉर जमणार नसेल, तर फाळक्यांच्या वाटेने जावे. या आठवड्यात काड्यापेटी घरोघरी आहेच. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर पक्का टेकवावा, एक काडी मेजावर ठेवावी, केसभर सरकवून एकेक फोटो घ्यावा, असे २४ फोटो. सेकंदाला बारा या वेगाने ते दाखवले की काडी दोन सेकंद चालेल. ती काडी हलकी न वाटता वजनदार वाटली पाहिजे, हा पहिला धडा. तो जमला की पंखांकडे वळावे.