एक लॅपटॉप, दोन बिऱ्हाडं

सुट्टीत घरी नाकाडोंगरीला गेलात, लॅपटॉप ऑन केला, एक भीतीदायक मेसेज आला आणि मशीन बंद! १३ ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर लिनक्सही ठेवणाऱ्या अनेकांचं अस्संच झालं. मी एकच सांगेन, फॉरमॅट मारू नका. डेटा जागेवरच असतो. सिक्युअर बूटचा वॉचमन जुन्या बूटलोडरला आत सोडत नाही, इतकंच. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, लिनक्समध्ये मोकयुटिलनं एसबॅट पॉलिसी डिलीट करा. रीस्टार्ट करून पुन्हा लिनक्समध्ये जा, ते अपडेट करा, मग सिक्युअर बूट चालू. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मे २०२५मध्ये आली. दोन बिऱ्हाडं म्हटल्यावर कुरबुर व्हायचीच; त्यासाठी घर कशाला पाडायचं?