तांड्याचा दंड आणि परक्याचा शिक्का

पळपुट्या सैनिकाला राजसत्ता शासन करते, म्हणून सेना एकसंध राहते. परंतु जिथे राजा नाही, वेतन नाही, तुरुंग नाही, तिथे शेकडो माणसे एकमेकांसाठी प्राण पणाला का लावतात? केनियातील तुर्काना या भटक्या पशुपालक समाजाच्या अभ्यासातून सारा मॅथ्यू व रॉबर्ट बॉइड यांनी २०११ मध्ये याचे उत्तर मांडले. गुरे लुटण्याच्या मोहिमेतून पळ काढणाऱ्याला तेथे त्याचेच समवयस्क फटके देतात, दंडही आकारतात. आपल्या माणसांनी केलेल्या या शासनामुळेच नात्यागोत्याची नसलेली माणसेही खांद्याला खांदा लावून लढतात.

यवतमाळ जिल्ह्याला हे तत्त्व अपरिचित नाही. पुसद-दिग्रस परिसरातील बंजारा समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून सैन्यांना रसद पुरवीत. मग सेना मोगलांची असो, मराठ्यांची असो वा इंग्रजांची. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने चौदा हजार बैलांचा तांडा पाहिला. १८०३ च्या दख्खन मोहिमेत वेलस्लीच्या फौजेची भिस्तही बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. रानावनांतून, लुटारूंच्या भयातून एवढा पसारा सुखरूप नेणे शिस्तीवाचून अशक्यच. ती शिस्त नाईकाच्या शब्दाने आणि पंचायतीच्या दंडाने राखली जाई. तांड्याबाहेर काढले जाणे ही मोठी शिक्षा. कारण वाटेवर एकट्याला थारा नसे.

पुढे रेल्वे आली आणि बैलांचा व्यापार बुडाला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने शिक्षेचा अर्थच उलटा केला. तांडा कृतीला दंड देत होता. परकी सत्ता जन्मालाच दंड देऊ लागली. पहिल्याने समाज बांधला जातो, दुसऱ्याने तो मोडतो. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. मात्र शेजाऱ्यांच्या मनातील संशय रद्द करणारा कायदा कोणत्याही संसदेला करता येत नाही. पुसद तालुक्यातील गहुली या गावी जन्मलेल्या वसंतराव नाईकांनी १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद भूषवले. शिक्का किती खोटा होता, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

जुन्या दंडाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. वाटेवरच्या तांड्याला तारणारा बहिष्कार स्थिर गावात अन्यायाचे हत्यार बनतो. म्हणूनच महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. दंडाचा अधिकार आज न्यायालयाचा आहे आणि तो तिथेच राहावा. तांड्याकडून घ्यायचे ते उत्तरदायित्व: चुकणाऱ्याला आपल्याच माणसाने वेळीच अडवण्याचे धैर्य. ते ज्या समाजात उरत नाही, त्याला शिस्त लावायला परका येतो, आणि परक्याचा दंड माणूस पाहत नाही, जात पाहतो.