पडून राहिलेले यंत्र



मागील अंकात शिवणयंत्राच्या निगेविषयी लिहिले होते. त्यावर खाडीकाठच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या सासऱ्यांच्या होडीचे जुने आउटबोर्ड इंजिन सात वर्षे पडवीत पडून आहे. मामंजींची आठवण म्हणून ते भंगारात टाकवत नाही. घरच्या घरी दुरुस्त होईल काय, असे त्या विचारतात.

उत्तर देण्यापूर्वी माझीच एक चूक सांगतो. आमच्याही घरी वडिलांच्या वेळचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन होते. दोन वर्षे त्याला कोणी हात लावला नव्हता. सुट्टीत पुतण्या आला, पाच-सहा हिसक्यांत इंजिन सुरू झाले आणि त्या आनंदात आम्ही होडी लोटली. खाडीच्या मध्यावर तो म्हणाला, "काका, मागची पाण्याची धार दिसत नाही." "येईल थोड्या वेळात," असे म्हणून मी दुर्लक्ष केले. काही मिनिटांत इंजिन तापून बंद पडले. ओहोटी लागली होती. होडी मुखाकडे वाहू लागली. वल्ही घरीच राहिली होती. नांगर टाकून बसलो, तेव्हा एका वृद्ध तांडेलाने दोरी लावून आम्हांला किनाऱ्यास आणले. इंजिन उघडून तो एवढेच म्हणाला, की ही यंत्रे चालून मरत नाहीत, पडून मरतात.

ते वाक्य आजच्या लेखाचे सार आहे. १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड यांनी आपले आउटबोर्ड इंजिन विक्रीस आणले. वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली गिअर व पंखा ही रचना मुळात आजही तीच आहे. म्हणूनच जुने यंत्र घरी उघडता येते. मात्र क्रम पाळला पाहिजे.

प्रथम यंत्रात जीव आहे का ते पाहावे. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल सोडावे, एक दिवस थांबावे व फ्लायव्हील हाताने हळू फिरवावे. ते मोकळे फिरल्यास कॉम्प्रेशन गेज लावून दाब मोजावा. दोन्ही सिलिंडरांच्या दाबात सुमारे दहा टक्क्यांहून अधिक फरक नसावा. एकात दाबच नसेल, किंवा ब्लॉकला तडा गेला असेल, तर पुढचा खर्च करण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीला दाखवावे.

दुसरे काम पाण्याच्या पंपाचे. या इंजिनाला थंड ठेवते ते बाहेरचेच पाणी. खालच्या भागात रबरी पाकळ्यांचे एक छोटे चाक असते, त्याला इम्पेलर म्हणतात. वर्षानुवर्षे एकाच स्थितीत दबून राहिल्याने त्या पाकळ्या वाकड्या व कडक होतात. आमच्या इंजिनाचे हेच झाले होते. पडून राहिलेल्या यंत्राचा इम्पेलर न तपासताच बदलावा आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी बदलत जावा. खोलताना प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. नवे चाक बसवताना, इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने दांडा फिरवत ते आत सरकवावे, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वळतात.

तिसरे इंधन. जुने पेट्रोल वाळून कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत डिंकासारखे चिकटते. कार्बोरेटर उघडून ती छिद्रे साफ करावी लागतात. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना बाधते, म्हणून नळ्या नव्याच घालाव्यात. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. पन्नासास एक हे प्रमाण असेल तर दहा लिटरांस २०० मिलिलिटर तेल लागते. अधिक जुन्या इंजिनांना याहून जास्त लागते, म्हणून पुस्तिका पाहावी. तेल टीसी-डब्ल्यू३ प्रतीचे, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचेच असावे. मोटारसायकलचे चालत नाही.

चौथे गिअरचे तेल. खालचा व वरचा असे दोन स्क्रू काढले की तेल उतरते. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, म्हणजे सील गेले आहे असे समजावे. नवे तेल खालच्या छिद्रातून, वरून बाहेर येईपर्यंत भरावे. आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा.

यानंतरच इंजिन सुरू करावे, तेही कोरडे कदापि नाही. पाण्याशिवाय काही क्षणांतही इम्पेलर घासून खराब होतो. मोठ्या पिंपात पाणी भरून त्यात खालचा भाग, पाणी ओढणारी छिद्रे पुरती बुडतील असा, ठेवावा. पंखा आधी काढून ठेवावा. काम उघड्या अंगणात करावे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड बंद पडवीत जीव घेऊ शकतो. मागून धार आली नाही तर तत्क्षणी इंजिन बंद करावे. धारेचे तोंड कधी कधी मातीने बुजलेले असते. बारीक तारेने ते मोकळे करून पाहावे.

एवढे झाल्यावर खरी निगा सुरू होते. खाऱ्या पाण्यातून परतल्यावर गोड्या पाण्यात दहा मिनिटे इंजिन चालवावे. बरेच दिवस ठेवायचे असल्यास इंधनाची नळी काढून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपू द्यावे. पाणी निथळावे म्हणून इंजिन उभेच ठेवावे. जस्ताचा तुकडा स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो. त्याला रंग लावू नये, अर्धा झिजला की बदलावा. पावसाळ्यापूर्वी होडी शाकारतो, त्याच दिवशी इंजिनाचेही हे सर्व उरकावे.

लहान इंजिनांच्या पंख्यात एक पिन असते. पंखा खडकाला लागला की ती तुटते आणि गिअर वाचतो. वारंवार तुटते म्हणून तेथे पोलादी खिळा ठोकणारे लोक पाहिले आहेत. मग पुढच्या खडकावर गिअरच तुटतो. दोन जादा पिना होडीत ठेवाव्यात, खिळा नव्हे.

भगिनी, आपल्या मामंजींचे इंजिन बहुधा वाचेल. एखाद्या रविवारी मुलांना जवळ बसवून ते उघडा आणि केलेल्या कामाची तारीखवार वही ठेवा. ज्या दिवशी होडी पुन्हा पाण्यात जाईल, त्या दिवशी वल्ही, नांगर आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट बरोबर घ्या. आणि मुलांपैकी कोणी म्हणाले, "धार दिसत नाही," तर त्याचे लगेच ऐका. मी ऐकले नव्हते.