पांच मिनिटांचें आकाशदर्शन

क्ष-किरण म्हटले कीं हाडांचें छायाचित्र आठवतें. मांसांतून आरपार जाणारे हे किरण पृथ्वीचें वातावरण मात्र भेदूं शकत नाहींत, हें प्रथम ऐकतांना विपरीत वाटतें. हवा विरळ खरी; पण तिचा थर फार जाड! म्हणून आकाशांतील क्ष-किरण पाहावयाचे तर उपकरण त्या थराबाहेर नेलें पाहिजे.

18 जून 1962 रोजीं अमेरिकेंतील न्यू मेक्सिको संस्थानांतून जियाकोनी व त्यांचे सहकारी यांनीं एक अग्निबाण सोडला. सूर्यप्रकाशामुळें चंद्रावरून क्ष-किरण निघतात काय, एवढेंच त्यांस पाहावयाचें होतें. 80 किलोमीटरांपलीकडे तो बाण राहिला अवघीं 350 सेकंद. चंद्राचें कांहीं कळलें नाहीं. वृश्चिक राशीच्या बाजूनें मात्र प्रखर झोत येतांना दिसला. ताक मागावयास जावें आणि लोणी हातीं पडावें, तशी ही गोष्ट झाली! जियाकोनी यांस 2002 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां वर्षानुवर्षें फिरणारे उपग्रह असतां पांच मिनिटांच्या बाणाचें प्रयोजन काय, असें चिकित्सक वाचक विचारतील. शंका रास्त आहे. तिचें एक उत्तर कृष्णद्रव्यांत सांपडतें. दीर्घिकांच्या गतीवरून पाहतां, दिसणाऱ्या तारकांहून कितीतरी अधिक द्रव्य तेथें असलें पाहिजे. तें स्वत: प्रकाशत नाहीं. त्याचे कण क्वचित् विघटन पावून क्ष-किरण सोडीत असावेत, असा एक तर्क आहे. 2014 सालीं ययाति तारकासमूहांतील दीर्घिकांच्या थव्यांतून तशी एक अंधुक रेषा दिसल्याचें प्रसिद्ध झालें. 2016 सालीं जपानच्या हितोमी उपग्रहास तेथेंच ती आढळली नाहीं. वाद राहिला.

उपग्रहावरील दुर्बिणीची दृष्टि तीक्ष्ण, पण अरुंद. आपल्या आकाशगंगेंतील कृष्णद्रव्य तर आपल्या चोहोंकडे पसरलेलें! तेथें तीक्ष्ण दृष्टीपेक्षां रुंद दृष्टि कामाची. ती पांच मिनिटेंच लाभली तरी आम्हांस उपेक्षणीय वाटत नाहीं. शिवाय बाणावरील उपकरण हवाई छत्रीनें परत उतरतें व सुधारून पुन: धाडतां येतें. ‘मायक्रो-एक्स’ नामक उपकरणाचा शोधक निरपेक्ष शून्याच्या अगदीं जवळ थंड ठेवावा लागतो. 2018 सालीं त्याच्या बाणाची दिशा चुकली आणि लक्ष्य हुकलें; 2022 सालीं तें पुन: वर गेलें. पुढें त्याचे आरसे उतरवून, त्यास असें रुंद करून कृष्णद्रव्याकडे वळवावें, असा त्या मंडळींचा संकल्प आहे.