चाकांवरचे घर आणि वजनाची वही



आपल्या व्यापारी कुटुंबांतील तरुणांच्या बोलण्यात अलीकडे एक नवा विषय वारंवार येतो. एखादा दणकट, चारही चाकांना जोर असलेला ट्रक घ्यावा, त्यावर निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय करावी आणि सहकुटुंब स्पिती, लडाख किंवा कच्छच्या रणापर्यंत जावे, असा हा बेत असतो. घरातील वडीलधाऱ्यांनाही तो एका कारणासाठी पटतो. आपला स्वयंपाक, आपले गाळून उकळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांची प्रवासात होणारी ओढाताण त्यामुळे संपेल, असे त्यांना वाटते. हा बेत आमच्याच घरात प्रत्यक्षात आला, आणि त्यात जे शिकावे लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

ही कल्पना परकी मानण्याचे कारण नाही. ‘कॅरव्हॅन’ या शब्दाचे मूळ फारसी ‘कारवान’मध्ये आहे, आणि कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरणारे लमाणांचे तांडे हीसुद्धा चालती घरेच होती. ट्रकशी तर सोलापूरचे नाते जुने आहे. १८८२ साली याच शहरात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारींबरोबर डॉज व फार्गो ट्रकही जुळवले. पुढे १९५८ मध्ये फिरोदियांनी बजाज समूहाच्या साथीने बजाज टेंपो उभी केली. तिच्या तीनचाकीचे नाव मराठीत इतके रुळले की आज कोणत्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला आपण ‘टेंपो’च म्हणतो. त्या काळापासून आपल्याकडे कंपनीकडून चासी घ्यावयाची आणि बॉडी गावातील सुतार-लोहारांकडून बांधून घ्यावयाची, अशी रीत होती. म्हणूनच माझ्या पुतण्याला वाटले, की मालाच्या बॉडीऐवजी खोली बांधावयाची, एवढाच काय तो फरक.

लिलावातून त्याने एक जुना फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक घेतला. शहराबाहेरील एका शेडमध्ये त्यावर जाड पत्र्याची व प्लायवूडची सुबक खोली उभी राहिली. ओट्यावर ग्रॅनाइट, छतावर पाण्याची टाकी, मागे दोन पलंग. खोली चासीला यू-बोल्टने आवळून बसवली होती. पहिल्या फेरीला आम्ही उजनीच्या फुगवट्याकडे गेलो. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीच्या वाटेवर पुढचे डावे चाक बांधावर चढले आणि मागचे डावे चरात उतरले. खोलीतून करकर असा आवाज आला, खिडकीची काच तडकली आणि दार चौकटीत घट्ट बसले. आत माझ्या वहिनी होत्या, आणि नुकताच विझवलेला गॅस. दार उघडेना. पंचवीस मिनिटे आम्ही पहारीने दाराशी झगडत होतो. आतून वहिनी शांतपणे एवढेच म्हणाल्या, “अरे, मला बाहेर काढा, मग गाडीचे काय ते बघा.”

दोष कोणा एकाचा नव्हता. ज्ञान अपुरे होते. ट्रकची चासी म्हणजे लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, एखाद्या शिडीसारखे. खडबडीत वाटेवर तिने पिळवटावे, अशीच तिची रचना असते. त्यामुळेच चारही चाके जमिनीला धरून राहतात. फळ्यांची मालाची बॉडी हा पीळ सोसते, कारण ती स्वतःही थोडी हलते. खिडक्या, दारे व नळ असलेली ताठ खोली मात्र हलू शकत नाही. तिला चासीशी जखडले, की पीळ खोलीच्या कोपऱ्यांत शिरतो आणि सांधे उकलतात. कधी चासीलाच तडा जातो. जर्मनीतील युनिमॉगसारख्या ट्रकांवर प्रवासी खोल्या बांधणारे कारागीर म्हणून दोहोंच्या मध्ये एक स्वतंत्र सांगाडा ठेवतात. तो तीन ठिकाणी टेकवलेला असतो. दोन ठिकाणी पक्का, तिसऱ्या ठिकाणी बिजागरीसारखा फिरणारा. तीन पायांचे स्टूल उंचसखल जमिनीवरही डगमगत नाही, त्यातलाच हा प्रकार. दुसरी पद्धत म्हणजे सांगाड्याच्या एका टोकाला भक्कम स्प्रिंगा बसवून चासीला खाली मोकळेपणाने हलू देणे. ट्रकवर घर बांधण्यातले खरे कसब येथे आहे. पलंग आणि पडदे नंतर येतात.

परतल्यावर आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली. प्रथम केवळ पुढची चाके काट्यावर घेतली, नंतर संपूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या एक्सलवरचा भार कळतो. तो नोंदणीपुस्तकातील मर्यादेच्या पलीकडे गेला होता. मग पुतण्याने खरोखरीची वही उघडली. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, आणि तेही छतावर, जेथून वळणावर ते गाडीला बाहेर ओढते. सहा फूट लांब व दोन फूट रुंद ग्रॅनाइट सुमारे ६० किलो. चार माणसे, अंथरुणे, भांडी, शिधा, दुसरे स्टेपनी चाक. जमाखर्चात कधी चूक न करणाऱ्या आमच्या घराने वजनाचा जमाखर्च मात्र लिहिलाच नव्हता. ग्रॅनाइट गेले. टाकी खाली, दोन्ही एक्सलांच्या मध्ये आली. पत्रा-प्लायवूडच्या जागी आता दोन फायबरच्या थरांमध्ये फोम भरलेले हलके पॅनेल येत आहे. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हात ते आतला गारवा टिकवते आणि लडाखच्या थंडीत भिंतींना आतून पाझर फुटणे कमी करते.

विजेचेही तसेच. १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. दोन किलोवॉटची इंडक्शन शेगडी ती सव्वा तासात संपवते. एक किलोवॉटचा एसी अडीच तासांत. छतावरील ४०० वॉटची सौर पॅनेले स्वच्छ उन्हात दिवसाकाठी दीड ते दोन युनिट देतात. म्हणजे दिवे, पंखा आणि छोटा फ्रिज यांना ती पुरतात. घरच्यासारखा एसी रात्रभर चालवण्याची आशा धरू नये. गॅस ठेवणार असाल, तर तो हवेहून जड असतो हे विसरू नये. गळती झाल्यास तो खाली साचतो, म्हणून झरोका जमिनीलगतच हवा. आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट, मग ती मोठी उघडणारी खिडकी का असेना, असलीच पाहिजे. वहिनींच्या त्या पंचवीस मिनिटांनी आम्हांला हे शिकवले.

आता कागदपत्रांची वही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. मालवाहू म्हणून नोंदलेल्या ट्रकवर मनाने खोली बांधली, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येण्याची भीती असते. मोटार-कॅरव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वीच आरटीओ कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. आम्ही हे उलट्या क्रमाने केले. त्याचा भुर्दंड अजून भरीत आहोत, आणि कागद पूर्ण होईपर्यंत गाडी शेडबाहेर काढायची नाही, असे घरात ठरले आहे.

शेवटी एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. आपल्याला खरोखर कोठे जावयाचे आहे? कुंथलगिरी, कुंभोज-बाहुबली किंवा श्रवणबेळगोळ येथे जाण्यास डांबरी रस्ता आहे. तेथे चारही चाकांचा जोर निरुपयोगी, आणि कंपनीने रीतसर बनवलेली किंवा भाड्याने घेतलेली लहान गाडी पुरेशी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले आहे. एखादी यात्रा भाड्याच्या गाडीतून करून पाहिली, की आपल्याला नेमके काय लागते आणि काय लागत नाही, हे चार दिवसांत कळते. त्यानंतरही हिमालयातील वाटा साद घालीत असतील, तर ट्रक जरूर घ्यावा. मात्र कारागिराला बयाणा देण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: खोली चासीवर कशी टेकणार, भरलेल्या गाडीचे प्रत्येक एक्सलवरील वजन किती होणार, बाहेर पडण्याच्या वाटा किती, आणि नोंदणीची जबाबदारी कोणाची.

गेल्या पर्युषणानंतर आम्ही भाड्याच्या ट्रॅव्हलरने श्रवणबेळगोळला जाऊन आलो. चुलीसाठी एक ओटा, पाण्याची दोन पिंपे आणि सहा माणसे. परतताना पुतण्या वहीत काही लिहीत होता. वहिनींनी विचारले, “काय लिहितोस?” तो म्हणाला, “आई, नवीन खोलीत काय काय ठेवायचे नाही, त्याची यादी.” ती यादी ठेवायच्या वस्तूंच्या यादीहून बरीच लांब झाली होती.