न्यायाधीशांचे वेतन : मर्यादा हवी, मेहेरबानी नको

न्यायाधीशांच्या वेतनवाढीचा विषय निघाला की, ‘लाखांनी घेणाऱ्यांना आणखी कशाला?’ असा सूर आपल्या कार्यकर्त्यांत उमटतो. सूर समजण्याजोगा आहे, पण विचार तेथेच थांबता कामा नये.

राज्यघटनेने १९५० साली हे वेतन दुसऱ्या परिशिष्टातच लिहून ठेवले : सरन्यायाधीशांना दरमहा ५,००० रुपये, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना ३,५००. हेतू स्वच्छ होता. सरकारला रागाने वेतन कापता येऊ नये आणि लोभाने वाढवताही येऊ नये. परंतु महागाई घटना वाचत नाही. ३६ वर्षे आकडा जागचा हलला नाही आणि त्याची क्रयशक्ती मात्र आटत गेली. कोणी हात न लावता झालेली ही वेतनकपातच होती. १९८६ च्या चोपन्नाव्या घटनादुरुस्तीने हे आकडे अनुक्रमे १०,००० आणि ८,००० केले व पुढील वाढ साध्या कायद्याने करण्याची मुभा संसदेला दिली.

कुलूप निघाले, पण किल्ली कोणाच्या हाती गेली? १९९८, २००९ आणि २०१८ चे वाढीचे कायदे केंद्रीय वेतन आयोगांच्या पाठोपाठ आले. २०१८ च्या कायद्याने सरन्यायाधीशांचे वेतन २,८०,००० रुपये झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या इतर न्यायाधीशांचे २,५०,००० म्हणजे मंत्रिमंडळ सचिवाइतकेच. देशातला सर्वांत मोठा पक्षकार असलेले सरकारच निवाडा करणाऱ्याच्या वेतनवाढीचा मुहूर्त ठरवते, ही व्यवस्था निर्दोष म्हणता येणार नाही.

खालच्या न्यायालयांची कथा याहून वेगळी. गरिबाची न्यायाशी गाठ पडते ती तालुक्याच्या कोर्टात. तेथील न्यायाधीशांना रास्त वेतनासाठी स्वतःच सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. शेट्टी आयोग नेमला गेला १९९६ साली. दुसरा राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग २०१७ साली.

नामांकित वकिलांच्या मिळकतीशी स्पर्धा करील असे वेतन द्या, हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. ती शर्यत सरकारी तिजोरी कधीच जिंकणार नाही. मर्यादा हवीच, मात्र ती गोठलेल्या आकड्याची नको, प्रमाणाची हवी. २०१७ मध्ये केंद्राने किमान वेतनाची राष्ट्रीय तळरेषा दिवसाला १७६ रुपये ठरवली. सव्वीस दिवसांचे झाले ४,५७६. सरन्यायाधीशांचे वेतन त्याच्या सुमारे ६१ पट! हे प्रमाण किती असावे, ते संसदेने एकदा उघड चर्चेने कायद्यात लिहावे आणि कालांतराने उतरते ठेवावे. मग तळ उंचावल्याखेरीज शिखर उंचावणार नाही, आणि तळ उंचावला की न्यायाधीशांना कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागणार नाही.

न्यायाधीशाचे स्वातंत्र्य आणि मजुराची भाकरी यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. दोघांनाही संरक्षण हवे आहे ते एकाच गोष्टीपासून : राज्यकर्त्यांच्या लहरीपासून.